लोहचुंबकाचे पथ्य

म्हातारपण आले की पथ्ये येतात. कोणाची साखर बंद होते, कोणाचे मीठ, कोणाचा जिना. दिवाळीत तर या पथ्यांना फार भाव येतो. फराळाचे ताट पुढे आले की प्रत्येक जण आधी आपल्या पथ्याची साग्रसंगीत जाहिरात करतो आणि मग हळूच एक करंजी उचलतो. माझ्या वाट्याला आलेले पथ्य मात्र असे आहे की ते ऐकून पाहुण्यांच्या हातातला लाडू हातातच राहतो. मला लोहचुंबक वर्ज्य आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात माझे हृदय ठोके चुकवू लागले आणि डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर नावाची एक चपटी डबी बसवली. घरी सोडताना पथ्याचा कागद हाती दिला. त्यात चकलीबद्दल अवाक्षर नव्हते. मोबाइल छातीच्या खिशात ठेवू नका, बोलताना उजव्या कानाला लावा. लोहचुंबक त्या डबीपासून निदान १५ सेंटिमीटर दूर असू द्या आणि मोठा असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका, असे लिहिले होते. डॉक्टर सहज म्हणाले, "तसा तुमचा लोहचुंबकाशी कुठे संबंध येतो म्हणा!"

शेजारी बसलेली आमची सौ. हे ऐकून हसली. हसू येण्यासारखेच होते. १९७४ पासून २०१२ पर्यंत मी चिंचवडच्या एका कारखान्यात सरफेस ग्राइंडरवर काम केले. म्हणजे अडतीस वर्षे लोहचुंबकाच्या पाटावर वाकून उभा होतो. आणि निवृत्त झाल्यावर रोज सकाळी चहाचा पेला घेऊन जाऊन बसण्याची माझी जागा म्हणजे पुनावळ्यातली माझ्या पुतण्याची पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये लोहचुंबकाखेरीज दुसरे काही बनतच नाही.

ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सरफेस ग्राइंडर म्हणजे पोलादाचा तुकडा घासून आरशासारखा सपाट करणारे यंत्र. वर दगडाचे चाक गरगर फिरते, खाली टेबल मागेपुढे सरकते आणि टेबलावर जॉब असतो. हा जॉब धरायचा कसा? दोन्ही बाजूंनी आवळावा तर पातळ पट्टी वाकते. म्हणून टेबलावर एक जाड पाट बसवलेला असतो. त्याला मॅग्नेटिक चक म्हणतात. पाटाला एक दांडा असतो. दांडा फिरवला की पाट जॉबला असा धरतो की दोन्ही हातांनी ढकलूनही तो हलत नाही. दांडा उलटा फिरवला की तोच जॉब करंगळीने उचलावा.

यातली मौज मला बरीच उशिरा कळली. दांडा फिरवल्याने आतला चुंबक बंद पडत नाही. कायमचा चुंबक बंद पडत नसतोच. आतली चुंबकांची ओळ फक्त एक घर बाजूला सरकते. मग जो ओढा वरच्या जॉबमधून वळसा घेत होता तो आतल्या आतच, खालच्या लोखंडातून वळसा घेऊन परत जातो. चुंबकाचा जोर तेवढाच असतो, पण तो घरातल्या घरात खर्च होतो. मोठ्या यंत्रांवर विजेचे चक असतात. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की लोखंड चुंबक होते, वीज थांबली की पुन्हा साधे लोखंड. ते जोरदार खरे, पण वीज गेली की पकड गेली. आणि चाक मात्र आपल्या वेगाने फिरतच असते. एकदा आमच्या शेजारच्या मशीनवरचा जॉब असा सुटून भिंतीवर जाऊन आदळला आणि भिंतीचा गिलावा पडला. आता निघालेल्या चकांना वीज लागते ती पकडताना आणि सोडताना, क्षणभर. मधल्या वेळात चुंबक आपला आपण धरून ठेवतो. अशी सुधारणा पाहिली की बरे वाटते.

माझे वस्ताद चाक सुरू करण्याआधी दर वेळी अंगठ्याने जॉब ढकलून पाहत. तीस वर्षांच्या अनुभवानंतरही. लहान जॉब असेल तर त्याच्या आजूबाजूला मोठे ठोकळे लावायला सांगत, म्हणजे हिसका बसला तरी तो सरकायला जागा नसते. पण त्यांनी शिकवलेली खरी गोष्ट होती ती वाकड्या पट्टीची. पातळ पट्टी किंचित वाकडी असली, तर चक तिला खाली ओढून सपाट धरतो. आपण वरून छान घासतो, मायक्रोमीटर लावतो, कुठे केसभर फरक नाही. मग दांडा उलटा फिरवतो आणि पट्टी पुन्हा टणकन वाकडी होते! चकवर होती तोवर सरळ. असे सद्गृहस्थ मी नंतर पुष्कळ पाहिले. काही तर साहेबाच्या खोलीबाहेर पडेपर्यंतच सरळ असत. वस्तादांचा उपाय वेगळा होता. पट्टीखालच्या पोकळीत कागद घाला, पकड हलकी ठेवा, थोडे घासा, उलटा, पुन्हा थोडे घासा. जोराने धरून सरळ करता येत नाही, एवढेच ते म्हणत आणि विडी शिलगावायला बाहेर जात.

जॉब सुटला तरी काम संपत नसे. चकवर बसलेल्या पोलादात चुंबकाचा अंश उतरतो. तसाच तो पुढे पाठवला तर लोखंडाचा कीस त्याला चिकटतो, बेअरिंग खराब होतात, मोजमाप चुकते. म्हणून तो अंश काढावा लागतो. आलटून पालटून दिशा बदलणाऱ्या विजेच्या वेटोळ्यातून जॉब न्यायचा आणि मग हात लांब करत करत, सावकाश, त्याला दूर घेऊन जायचे. घाई केली किंवा जॉब आत असतानाच बटण बंद केले तर चुंबकपणा तसाच राहतो, कधी वाढतोही. नव्या पोरांना हे सावकाश नेणे काही जमत नसे.

आता पुतण्याच्या शेडकडे वळतो. पुनावळे हे पवनेच्या काठचे गाव. माझ्या लहानपणी ज्वारी-बाजरीचे. १९९७ साली ते महापालिकेत गेले. पुढे पलीकडे हिंजवडी उभी राहिली आणि शेताच्या बांधांवर वीस-वीस मजल्यांच्या इमारती आल्या. महामार्गाखालच्या बोगद्यात संध्याकाळी गाड्या अडकतात तेव्हा मला वाटते, हा रस्ताही कोणीतरी चकवर धरून ठेवला असावा. आमच्या वाटणीतला एक लहानसा तुकडा राहिला होता, त्यावर पुतण्याने शेड घातली. तो धान्याच्या गिरण्यांसाठी, मसाल्यांच्या कारखान्यांसाठी, प्लॅस्टिकवाल्यांसाठी लोखंड वेचून काढणारी चुंबकाची चौकट बनवतो. स्टेनलेस स्टीलची नळी, आत चुंबकाच्या चकत्या, दोन चकत्यांमध्ये मऊ लोखंडाची एक चकती. गंमत म्हणजे चुंबकांची सारखी तोंडे समोरासमोर ठेवतात. उत्तरेला उत्तर, दक्षिणेला दक्षिण. ती एकमेकांना ढकलत असतात, त्यांना दाबून एकत्र बांधावे लागते आणि त्या भांडणात सारा जोर मधल्या लोखंडातून बाहेर उसळतो. अशा नळीवर कीस टाकला तर हातातल्या बांगड्यांसारखी वळी उमटतात.

पुतण्याच्या फळीवर चुंबकांची सारी घराणी नांदतात. सर्वांत म्हातारे ॲल्निको: ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचे. जपानात १९३१ साली मिशिमा या शास्त्रज्ञाने ज्या मिश्रधातूचा शोध लावला त्याचे हे वंशज. पाचशे अंश उष्णतेतही हे डगमगत नाहीत. पण स्वभाव हळवा, उघडे ठेवले किंवा दुसऱ्या चुंबकाशी झटापट झाली की जोर ओसरतो. शाळेतल्या नालाच्या आकाराच्या चुंबकाला तोंडावर लोखंडी पट्टी लावून ठेवीत, ती याचसाठी. त्यांच्या शेजारी फेराइटच्या काळ्या चकत्या. गंजलेल्या लोखंडाच्या भुकटीत दुसरी भुकटी मिसळून भाजलेल्या, मातीच्या भांड्यासारख्या ठिसूळ आणि अतिशय स्वस्त. घरातल्या रेडिओच्या कर्ण्यात याच असतात, आणि फ्रिजचे दार जी रबरी पट्टी ओढून घेते तिच्यातही फेराइटचीच भुकटी. मला हे फेराइट आवडते; गरिबाघरचे पण कष्टाळू पोर. मग समेरियम-कोबाल्ट, महाग आणि उष्णता सोसणारे. आणि शेवटी चकचकीत निओडिमियम. १९८० नंतर दोन-चार वर्षांतच जपानात सागावा यांनी आणि अमेरिकेत क्रोट यांनी ते वेगवेगळे शोधून काढले. पेढ्याएवढे दोन तुकडे एकमेकांवर झेपावले तर मधल्या बोटाचे हाड मोडावे. पुतण्याच्या अंगठ्याचे नख त्यापायी दोनदा काळे पडले आहे. एवढा हा पहिलवान, पण ८० अंशांच्या पुढे साध्या जातीचा निओडिमियम खचू लागतो, आणि दमट हवेत गंजतो म्हणून त्याला निकेलचा अंगरखा घालावा लागतो.

वाचकांच्या घरी लहान मुले असतील म्हणून येथेच सांगून ठेवतो. या जातीच्या बारीक गोळ्यांची खेळणी मिळतात, ती मुलांच्या हाती देऊ नयेत. एक गोळी गिळली तर ती बहुधा निघून जाते. दोन गिळल्या तर त्या आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकींना ओढून घेतात आणि मधले आतडे चिमटून त्याला भोक पडते. असे झाल्याची शंका आली तरी वाट न पाहता मुलाला इस्पितळात न्यावे.

पुतण्याच्या नळीवर चुंबकाचा जोर १०,००० गॉसच्या आसपास भरतो. गॉस हे चुंबकत्वाचे माप. आपल्या पृथ्वीचा स्वतःचा जोर आपल्याकडे अर्ध्या गॉसहूनही कमी आहे. एवढ्या क्षीण ओढ्यावर होकायंत्राची सुई वळते आणि जहाजे समुद्र ओलांडत आली. हा क्षीण ओढा मोजण्याचे काम मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होते. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरले तेव्हा तिथल्या मोजणीत गोंधळ होणार हे उघड झाले. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेले, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवल्या, म्हणजे जुना धागा तुटू नये. अलिबागची ती इमारत लोखंड न वापरता, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली आहे. हे मला माहीत होतेच. पण पेसमेकर बसल्यापासून त्या इमारतीविषयी मला भावकीतल्या माणसाविषयी वाटावी तशी आपुलकी वाटते. आम्ही दोघे एकाच पथ्यावर आहोत.

शेडच्या दारात पुतण्याने माझ्यासाठी पिवळ्या रंगाची एक रेघ मारली आहे. "नाना, या रेघेच्या आत यायचं नाही. काय पाहिजे ते बाहेर आणून दाखवतो," असे तो पहिल्याच दिवशी म्हणाला. खुर्ची बाहेर ठेवली. मीही ती मर्यादा पाळतो. खरे तर चुंबक जवळ आल्याने पेसमेकर बंद पडत नाही. त्याच्या आत एक कळ असते. चुंबक जवळ आला की तो हृदयाचे म्हणणे ऐकणे सोडून देतो आणि घड्याळासारखा आपल्याच लयीत ठोके देऊ लागतो. चुंबक दूर नेला की पुन्हा ऐकू लागतो. तपासणीच्या वेळी डॉक्टर मुद्दाम चुंबक ठेवूनच हे पाहतात. म्हणजे माझ्याही छातीत एक दांडा बसवलेला आहे! पण हृदयाचे न ऐकता चालणारे यंत्र फार वेळ बरे नव्हे.

बाहेर बसूनही कामाला यावे असे काही सापडते. गिरणीवाले चौकट परत पाठवतात की यात काही अडकत नाही. मी विचारतो, चौकट धुता कशी? चुंबकाने लोखंड धरणे सोपे, त्याच्याकडून सोडवणे कठीण. फडक्याने पुसले तर कीस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नुसता सरकतो. म्हणून आता पुतण्या नळीवर दुसरी पातळ नळी चढवतो. आतला चुंबक ओढून काढला की बाहेरचे लोखंड आपोआप गळून पडते.

आणि काय काय गळून पडते! चहाची पाने ज्या दातेरी रुळांमध्ये चुरडतात त्या रुळांचे दात झिजतात. तो कीस पावडरीत उतरतो. किलोमागे २५० मिलिग्रॅमपर्यंतच तो चालेल असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, म्हणून चहावाले चुंबक लावतात. हळद, मिरची, पीठ, सगळ्यांची तीच गत. सौ.ला हे मी सांगितले त्या दिवशी तिने घरातल्या सगळ्या डब्यांतून चुंबक फिरवला; अर्थात मला दुसऱ्या खोलीत बसवून. त्यानंतर ती भांड्यांच्या दुकानातही चुंबक नेऊ लागली, कारण चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही असे तिच्या माहेरी सांगतात. ते अर्धेच खरे आहे. निकेल घातलेल्या उत्तम स्टीलला तो चिकटत नाही, पण मँगेनीज घातलेल्या हलक्या स्टीललाही चिकटत नाही. आणि इंडक्शनच्या शेगडीवर तर चिकटणारेच भांडे लागते. हे मी सांगितले. तिने ऐकले. चुंबक पिशवीत आहे तो आहेच.

आमच्या या पट्ट्यातला सर्वांना ठाऊक असलेला चुंबक मात्र स्कूटरमधला. आकुर्डीला १९७२ पासून चेतक बनू लागली आणि नंबर लावून वर्षानुवर्षे थांबल्यावर मलाही एक मिळाली. तिच्या मॅग्नेटोत फिरत्या चाकाला चुंबक जडवलेले असत. ते तारेच्या वेटोळ्यांभोवती फिरले की ठिणगीची आणि दिव्याची वीज तयार होई. म्हणूनच गाडी हळू झाली की दिवा मिणमिणत असे. रात्रपाळी सुटल्यावर पुनावळ्याच्या अंधाऱ्या रस्त्याला खड्डा दिसला की मी क्लच दाबून ॲक्सिलरेटर पिळायचो, तेवढ्यापुरता उजेड वाढायचा. आता विजेवरची चेतक आली. २०२० च्या जानेवारीपासून ती विकू लागले. तिच्यात सारे उलटे आहे. तेव्हा चाक फिरवून चुंबकाकडून वीज घेत होतो, आता वीज देऊन चुंबकाकडून चाक फिरवून घेतो.

या मोटरीतले निओडिमियम तापते, म्हणून उष्णता सोसण्यासाठी त्यात डिस्प्रोशियम नावाची दुर्मिळ धातू चिमूटभर घालतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने अशा सात धातू आणि त्यांचे चुंबक परवान्याशिवाय बाहेर पाठवायचे नाहीत असे ठरवले, आणि त्याच पावसाळ्यात चेतकचे उत्पादन कमी करावे लागल्याच्या बातम्या आल्या. चिमूटभर मसाल्यासाठी चूल थंड! पुतण्याच्या नळ्यांना डिस्प्रोशियम लागत नाही, पण काही दिवस त्याचाही चेहरा उतरलेला होता. मला याचे वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने. हे खनिज आपल्या केरळच्या आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत आहे. ते काढणारी सरकारी कंपनी १९५० साली स्थापन झाली, म्हणजे माझ्याहून वयाने मोठी. पण वाळूपासून धातू, धातूची भुकटी, ती भुकटी एका दिशेला लावून दाबायची, भाजायची, आणि शेवटी विजेचा एक झटका देऊन तिला चुंबक करायचे, हा सगळा मधला स्वयंपाक आपण दुसऱ्याच्या घरी सोडला. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनावेत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. रक्कम मोठी आहे. स्वयंपाक करणारे हात मात्र रकमेने तयार होत नाहीत. त्यांना वस्ताद लागतो आणि वेळ लागतो.

यंदा दिवाळी झाली की शेड चाकणकडे हलणार आहे. दोन्ही बाजूंना इमारती झाल्या, मालाचा टेम्पो वळायला जागा उरली नाही, आणि गिऱ्हाईकही आता तिकडेच. पुतण्याचे म्हणणे रास्त आहे. त्याच्या जागी मी असतो तर दोन वर्षे आधीच गेलो असतो. लक्ष्मीपूजन अजून इथेच आहे. त्याने मला तिथे जागा दाखवायला न्यायचे कबूल केले आहे, आणि तिथल्या दारातही पिवळी रेघ मारून ठेवली आहे म्हणतो. पण चहाचा पेला हातात घेऊन पायी जाण्याइतके चाकण जवळ नाही.

आवराआवर करताना त्याने मला एक जुना बिस्किटांचा डबा आणून दिला. गेल्या बारा वर्षांत चौकटी तपासताना त्यांवर जे सापडले ते तो त्यात टाकत आला होता. "नाना, सगळं वेटोळ्यातून काढलंय हां, सावकाश. आता घरात ठेवायला हरकत नाही," तो म्हणाला. मी एक एक तुकडा शिवणाच्या सुईला लावून पाहिला. एकाही तुकड्याने सुई ओढली नाही.

तो डबा मी आणि माझी नात वसुबारसेच्या दिवशी ओट्यावर घेऊन बसलो. विळ्याचे तुटलेले टोक, पोत्याच्या सुया, ट्रॅक्टरचा नट, तारेचे तुकडे, एक लहानशी किल्ली. त्यातून तिने चपट्या डोक्याचा, टोक वळलेला एक खिळा उचलला. ज्वारीतून आलेला असावा.

"आजोबा, हा कसला खिळा?"

"बैलाच्या पत्रीचा. खुराला पत्री ठोकतात ना, तिचा."

"दुखत नाही त्याला?"

"नाही गं. आपली नखं कापतो तसंच ते."

तिने तो तळहातावर ठेवून उलटसुलट पाहिला. "मग हा पडल्यावर बैल तसाच चालत राहिला?"

"पुढच्या बाजाराला दुसरा मारला असेल," मी म्हणालो.